कंपनीच्या पत्रातले ‘डीम्ड’

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराच्या घरी कंपनीचे पाकीट आले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो ते वाचायचे कुणी हा. कुंभवली, कोलवडे, पास्थळ, सालवड, बोईसर या पट्ट्यात आपल्या समाजाची बरीच माणसे राहतात. कुणी मूळची इथलीच, कुणी मराठवाड्यातून, कुणी विदर्भ-खानदेशातून पोटासाठी आलेली. केमिकलमध्ये, कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये, स्टीलमध्ये तीन पाळ्यांत राबणारी. पाकीट दहावी-बारावीतल्या पोरीच्या हातात दिले जाते. ती अडखळत वाचते, मध्येच थांबते आणि म्हणते, “पप्पा, तुम्ही कामावर गेला नाहीत म्हणून काहीतरी लिहिलंय.” त्या ‘काहीतरी’वर मग सगळे घर रात्रभर जागे राहते.

असल्या पत्रात एक वाक्य बहुधा ठरलेले असते. इंग्रजीत ते साधारण असे असते : ‘इफ यू फेल टू रिपोर्ट फॉर ड्यूटी विदिन थ्री डेज, इट शॅल बी डीम्ड दॅट यू हॅव अबँडन्ड युवर सर्व्हिसेस.’ पोरीला ‘इफ’ ठाऊक असते, ‘थ्री डेज’ ठाऊक असते. ‘फेल’ म्हणजे तिच्या लेखी नापास, म्हणून ती जरा गोंधळते. इथे ‘फेल टू रिपोर्ट’ म्हणजे हजर न होणे, इतकेच. पण खरे अडते ते ‘डीम्ड’पाशी. शाळेच्या पुस्तकात हा शब्द सहसा भेटत नाही. भेटतो तो नोटिशीत, सरकारी आदेशात आणि कोर्टाच्या कागदात. म्हणजे जिथे चूक परवडत नाही, नेमका तिथे.

तेव्हा वाचकहो, या अंकात आम्ही या एका क्रियापदाची ओळख करून देत आहोत. एका शब्दासाठी एवढी जागा कशाला, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर लेखाच्या मध्यावर मिळेल. आपल्या समाजाची चौतीस वर्षे ज्या वाक्यात अडकली होती, त्या वाक्यातही हेच क्रियापद बसलेले आहे.

‘आहे’ आणि ‘मानण्यात येईल’

इंग्रजीत ‘इज’ म्हणजे आहे. ‘डीम्ड टू बी’ म्हणजे तसे मानण्यात येईल, तसे धरण्यात येईल. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘आहे’ म्हणणारा वस्तुस्थिती सांगतो. ‘मानण्यात येईल’ म्हणणारा सांगतो, की वस्तुस्थिती काहीही असो, आम्ही ती अशी धरून पुढचा हिशेब करणार.

विहाराच्या अंगणात मुले क्रिकेट खेळतात ते आठवा. जागा लहान, म्हणून नियम ठरतात. चेंडू भिंतीला लागला की चार धावा, गटारात गेला की आउट. भिंतीला लागलेला चेंडू काही सीमेपार गेलेला नसतो. पण मुलांनी खेळापुरते तसे मानायचे ठरवलेले असते. हेच ‘डीम’. आणि बारकाईने पाहिले, तर नियम जर-तरच्या रूपातच आहे : जर भिंतीला लागला, तर चार मानायच्या. ‘डीम’ हे क्रियापद एकटे फारसे फिरत नाही. त्याच्या मागे-पुढे कुठेतरी एक ‘जर’ असतो.

हे क्रियापद नेहमी वाइटासाठीच येते असेही नाही. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आपल्या बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. त्याच्या बाराव्या कलमानुसार दत्तक घेतलेले मूल, दत्तकाच्या तारखेपासून, सर्व बाबतींत दत्तक आईबापांचेच मूल मानण्यात येते. तिथेही ‘शॅल बी डीम्ड’ हेच शब्द आहेत. जन्म दुसऱ्या घरी झाला, ही गोष्ट कायदा खोटी म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो, की इथून पुढे वारसाहक्काला तो प्रश्न काढू नका. भारतीय संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात फाळणीनंतर पाकिस्तानातून इकडे आलेल्या माणसांबद्दल हीच रचना आहे. अमुक अटी पुऱ्या होत असतील, तर ती व्यक्ती भारताची नागरिक असल्याचे मानण्यात येईल. घरदार टाकून आलेल्या माणसाला या एका क्रियापदाने देश मिळवून दिला.

म्हणून ‘डीम्ड’ दिसले की घाबरायचे नाही, पण डुलकीही घ्यायची नाही. लगेच दोन गोष्टी शोधायच्या. कुणाला काय मानणार आहेत, आणि कोणत्या अटीवर.

अटीची तीन रूपे

अट शोधायची, तर ती कोणकोणत्या वेषात येते ते ठाऊक हवे. ‘इफ’ हा सरळ माणूस आहे, तो लपत नाही. लपतात ते दुसरे दोघे.

एक म्हणजे ‘अनलेस’. याच्या पोटातच ‘नाही’ असते. ‘अनलेस कन्फर्म्ड इन रायटिंग, यू शॅल बी डीम्ड टू बी ऑन प्रोबेशन’ या वाक्याचा अर्थ, लेखी कायम केले नाही तोवर तुम्ही प्रोबेशनवरच आहात असे मानण्यात येईल. नेमणूकपत्रातली ही एक ओळ न कळल्यामुळे पोरे “सहा महिने झाले, आता मी परमनंट” असे सांगत गावभर पेढे वाटतात. ‘अनलेस’ला पुन्हा ‘नॉट’ जोडायचे नसते. ‘अनलेस यू डू नॉट रिपोर्ट’ असे लिहिले, की अर्थ नेमका उलटा होतो. आपल्याकडे ही चूक सर्रास होते, कारण मराठीत आपण ‘नाही… तर’ असे दोन तुकड्यांत बोलतो आणि ते ‘नाही’ इंग्रजीतही हाताला लागते.

प्रोबेशनच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कामगाराच्या बाजूची सांगायला हवी. १९६८ साली पंजाबमधल्या शिक्षकांच्या एका प्रकरणात, धरमसिंग खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की नियमानेच प्रोबेशनची कमाल मुदत तीन वर्षे ठरवली असेल आणि त्यानंतरही माणूस कामावर ठेवला असेल, तर तो कायम झाला असेच मानावे लागेल. म्हणजे मालकाने लिहिलेले ‘मानणे’ एका बाजूला, तर नियमातून निघणारे ‘मानणे’ दुसऱ्या. नियमात कमाल मुदत आहे की नाही, हे आधी पाहावे.

दुसरा लपणारा म्हणजे वाक्याच्या तोंडाशी येणारा ‘शुड’. ‘यू शुड कम’ म्हणजे तुम्ही यायला पाहिजे, हे चौथीचे पोरही सांगेल. पण ‘शुड यू फेल टू कम’ याचा अर्थ ‘तुम्ही येऊ नये’ असा मुळीच नाही आणि तो प्रश्नही नाही. तोंडाशी आलेला ‘शुड’ म्हणजे ‘जर कदाचित’. तुम्ही आला नाहीत तर, एवढाच अर्थ. साहेबी इंग्रजीत ‘इफ’ लिहायला कमीपणा वाटतो की काय कोण जाणे, पण नोटिशींना हा ‘शुड’ फार आवडतो.

‘इफ’च्या बाबतीत आपली मुले करतात ती चूक वेगळी आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘तुम्ही याल तर काम होईल.’ दोन्हीकडे भविष्यकाळ. नाहीतर म्हणतो, ‘तुम्ही आलात तर काम होईल.’ तिथे तर अजून न घडलेल्या गोष्टीला भूतकाळाचे रूप. दोन्ही मराठीत शुद्ध आहेत. इंग्रजीत मात्र या जातीच्या वाक्यात ‘जर’च्या भागात साधा वर्तमानकाळ ठेवायचा आणि ‘शॅल’ किंवा ‘विल’ फक्त ‘तर’च्या भागात घालायचा. ‘इफ ही विल फेल टू रिपोर्ट, ही विल बी डीम्ड अॅब्सेंट’ चूक. ‘इफ ही फेल्स टू रिपोर्ट, ही विल बी डीम्ड अॅब्सेंट’ बरोबर. ‘तर’मधला ‘बी’ही विसरायचा नाही. ‘ही विल डीम्ड’ असे रूपच इंग्रजीत नाही. मानणारा दुसराच असतो, आपण मानले जाणारे. त्या ‘बी’मध्येच ते ‘जाणे’ आहे.

‘शॅल’ आणि ‘मे’ यांकडेही लक्ष असू द्यावे. ‘शॅल’ म्हणजे तसे होणारच, ‘मे’ म्हणजे करण्याची मुभा. संविधानाच्या १०१ व्या अनुच्छेदानुसार खासदार सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिकामी झाल्याचे जाहीर ‘करू शकते’. तिथे ‘मे’ आहे. आमच्या कामगाराला आठ दिवसांच्या खाड्यावर ‘शॅल बी डीम्ड’! तुलना ज्याची त्याने करावी.

मानले म्हणून झाले असे नाही

आता मूळ पत्राकडे येऊ. तीन दिवसांत हजर झाला नाहीत, तर तुम्ही नोकरी सोडून दिली असे मानण्यात येईल. असे मालकाने लिहिले म्हणजे संपले काय? मुळीच नाही.

‘अबँडन’ म्हणजे नुसते गैरहजर राहणे नव्हे, तर सोडून देणे. सोडून द्यायला मनात तसा हेतू लागतो. जी. टी. लाड विरुद्ध केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा धरला. १९७९ च्या अहवालांत छापलेला तो निकाल आहे. संपावर गेलेल्या कामगारांनी नोकरी सोडली असे धरता येत नाही, कारण नोकरी सोडणे हा हेतूचा प्रश्न आहे, असे न्यायालयाने सांगितले. जो माणूस मागण्यांसाठी गेटबाहेर बसतो, त्याला ती नोकरी हवीच असते. नको असती तर तो गावी निघून गेला असता.

त्याहून सरळ प्रकरण डी. के. यादव यांचे. त्यांच्या कंपनीच्या, जे. एम. ए. इंडस्ट्रीजच्या, स्थायी आदेशांत आठ दिवसांच्या गैरहजेरीनंतर नोकरी आपोआप सुटल्याचे मानण्याची तरतूद होती. डिसेंबर १९८० मध्ये त्यांचे नाव कमी झाले. त्यांचे म्हणणे होते, मी कामावर येत होतो, मला गेटवर अडवले. कामगार न्यायालयात ते हरले. पण ७ मे १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. चौकशी न करता, म्हणणे ऐकून न घेता, केवळ ‘मानण्यात येईल’ या शब्दांवर माणसाची रोजीरोटी काढून घेता येणार नाही, असा त्याचा आशय. यादव यांना कामावर परत घेण्याचा आणि निम्मा थकलेला पगार देण्याचा आदेश झाला. तेरा वर्षे गेली, हेही लक्षात ठेवावे. न्याय मिळाला, पण लेकरांचे शिक्षणाचे वय त्यात सरले असणार.

म्हणून असले पत्र आले, की उत्तर मुदतीच्या आत गेले पाहिजे. उत्तर मराठीत लिहिले तरी चालते. इंग्रजीच हवे असा हट्ट धरून तीन दिवस वाया घालवू नयेत. काय लिहायचे? मी नोकरी सोडलेली नाही आणि सोडण्याचा माझा विचारही नाही, हे पहिल्या ओळीत. गैरहजेरीचे कारण दुसऱ्या ओळीत, आणि आजारपण असेल तर ई.एस.आय.चे सर्टिफिकेट सोबत. हजर व्हायला गेलो असता गेटवर घेतले नाही, असे घडले असेल, तर ती तारीख, पाळी आणि वेळ. दोन प्रती काढाव्यात, एकीवर टाइम ऑफिसचा शिक्का व सही घ्यावी. शिक्का देत नसतील, तर टपालाने पाठवून पावती जपून ठेवावी. युनियन असेल, तर तिला एक प्रत द्यावी.

पत्र घ्यायलाच नकार देणे हा मात्र शहाणपणा नव्हे. “सही केली नाही म्हणजे नोटीस लागू नाही,” असे सांगणारे सल्लागार चहाच्या टपरीवर पुष्कळ भेटतात. १८९७ च्या सामान्य वाक्खंड कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते, की कायद्याने टपालाने बजावायचा कागद बरोबर पत्त्यावर, तिकिटे लावून, रजिस्टर पोस्टाने टाकला, तर तो बजावला असे मानण्यात येईल. पुन्हा ‘डीम्ड’! सुटका एवढीच, की ‘विरुद्ध सिद्ध झाले नाही तर’. म्हणजे ‘अनलेस’ तिथेही आहे, पण सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर. पोस्टमनने पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला, तर तो शेरा आपल्याच विरुद्ध जातो. (रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. पाकिटावरचे नाव बदलले म्हणून कुणी गाफील राहू नये.)

गेटवरच्या फळ्याची भाषा

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या कारकिर्दीत, एप्रिल १९४६ मध्ये, औद्योगिक नोकरीच्या स्थायी आदेशांचा कायदा झाला. तोवर कामगाराला कोणत्या अटीवर ठेवले आणि कोणत्या अटीवर काढले, हे मालकाच्या मनात असे. कायद्याने सांगितले, अटी लिहा, मंजूर करून घ्या आणि कारखान्याच्या प्रवेशद्वाराजवळ फळ्यावर लावा. आणि लावायच्या त्या इंग्रजीत, तसेच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत. हे नववे कलम. ज्याच्यावर नियम चालणार, त्याला तो त्याच्या भाषेत वाचता आला पाहिजे, हे तत्त्व त्यात होते. ते किती ठिकाणी पाळले गेले, हे गेटवर उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तो कायदा आता राहिलेला नाही. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि स्थायी आदेशांचा भाग तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता उरला. तारापूरच्या वसाहतीत त्याहून लहान कारखाने पुष्कळ आहेत. दुसरीकडे नव्या संहितांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. तेव्हा लहान कारखान्यातल्या कामगाराच्या अटी बऱ्याच अंशी त्या नेमणूकपत्रातच वाचायच्या आहेत. ते पत्र समोर आले, की आम्ही सांगतो ते ‘इफ’, ‘अनलेस’, ‘शुड’ आणि ‘डीम्ड’ पेन्सिलीने अधोरेखित करावेत आणि मगच सही करावी. घाई करणाऱ्याला सांगावे, उद्या देतो.

चौतीस वर्षांचे वाक्य

आता ते वाक्य, ज्याचा उल्लेख आम्ही सुरुवातीला केला.

संविधानाच्या ३४१ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्यात जातींच्या याद्या आहेत. पण त्याचा तिसरा परिच्छेद याद्यांहून भारी ठरला. त्याचा आशय असा, की हिंदू धर्माहून वेगळा धर्म जो ‘प्रोफेस’ करतो, अशी कोणतीही व्यक्ती अनुसूचित जातीची असल्याचे मानण्यात येणार नाही. वाक्यात ‘इफ’ कुठेच नाही. पण ‘जो… तो’ अशी रचना आली, की तोही जर-तरच असतो. जर कुणी वेगळा धर्म मानत असेल, तर तो अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. अट पोटात लपवलेली, आणि शेवटी आपले ओळखीचे ‘शॅल बी डीम्ड’.

१९५६ साली त्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. सकाळी जो माणूस कायद्याच्या लेखी अनुसूचित जातीचा होता, तो संध्याकाळी राहिला नाही. त्याची वस्ती तीच, पाणवठ्यावरचे त्याचे स्थान तेच, जमीनदाराची नजर तीच. वस्तुस्थिती ‘आहे’मध्ये होती, आणि कायदा ‘मानण्यात येईल’मध्ये.

या दोन क्रियापदांचा अर्थ लावण्याची वेळ सर्वोच्च न्यायालयावर आली ती आपल्याच महाराष्ट्रातल्या प्रकरणात. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत एका राखीव जागेवर डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. पंजाबराव यांनी त्या निवडीला आव्हान दिले. प्रश्न होता, मेश्राम बौद्ध झाले आहेत काय? न्यायालयाने ‘प्रोफेस’चा अर्थ लावला. नुसते मनात बाळगणे नव्हे, तर उघडपणे जाहीर करणे किंवा आचरणे. त्यांनी नागपूरच्या धर्मांतरात बौद्ध धम्म स्वीकारला, हे पुराव्यावरून सिद्ध झाले असे न्यायालयाने धरले आणि निवड रद्द झाली. आपली माणसे उघड माथ्याने ‘मी बौद्ध’ म्हणाली. कायद्याच्या त्या वाक्यात नेमके तेच त्यांच्या आड आले. लपून राहिला असता, तर त्याचे आरक्षण टिकले असते! धम्म घेऊनही कागदावर ‘हिंदू’ लिहावे काय, हा पेच त्या काळात घराघरांत होता, आणि ज्या बापांनी पोटावर पाय येऊनही कागदावर ‘बौद्ध’च लिहिले, त्यांचे मोल आम्ही फार मोठे समजतो.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये राज्य सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्या, रेल्वे, बँका, पोस्ट यांची दारे मात्र त्या वाक्याने अडवून धरली होती. ती उघडली १९९० मध्ये, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या काळात, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना. संसदेने दुरुस्ती करून ‘बौद्ध’ हा शब्द त्या परिच्छेदात घातला. ना क्रियापद बदलले, ना वाक्याची घडण. अटीत एका धर्माचे नाव वाढले, आणि केंद्राच्या नोकरभरतीत आपल्या पोरांना अर्ज करता येऊ लागला. ख्रिस्ती व मुस्लिम झालेल्या दलितांनी याच वाक्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितलेली आहे.

या वाक्याबाबत एक गैरसमज आजही आढळतो. बौद्ध आहे म्हणजे आपोआप अनुसूचित जातीचा, असे काही तरुण समजतात. वाक्य तसे म्हणत नाही. ते म्हणते, हिंदू, शीख वा बौद्ध याहून वेगळा धर्म असेल, तर मानले जाणार नाही. याचा अर्थ धर्म बौद्ध असेल, तर एक अडथळा दूर होतो. यादीतली जात असणे ही अट वेगळी आहेच. जर-तरचे वाक्य उलटे करून वाचायचे नसते. पाऊस पडला तर अंगण ओले होते, पण अंगण ओले दिसले म्हणून पाऊसच पडला असे नाही. आईने सडा घातला असेल. दाखल्याच्या कामाला जाताना हे ध्यानात असले, तर खिडकीवरच्या कारकुनाशी वाद कमी होतील.

अर्ज लिहिताना

वाचणे झाले, आता लिहिण्याचे. आपल्या मुली-मुलांनी अर्जात ‘डीम’ वापरावे काय? आमचे मत, जपून. हा अधिकाराचा शब्द आहे. ज्याला ठरवण्याचा हक्क आहे, त्याच्या तोंडी तो शोभतो. ‘आय डीम दॅट आय अॅम सूटेबल’ असे उमेदवाराने लिहिले, तर वाचणारा साहेब हसेल. स्वतःबद्दल ‘आय बिलीव्ह’ पुरे. पण समोरच्याच्या निर्णयाबद्दल लिहिताना तो छान बसतो : ‘इफ यू डीम इट नेसेसरी, आय शॅल सबमिट द ओरिजिनल सर्टिफिकेट्स.’ आपणांस आवश्यक वाटल्यास मी मूळ दाखले सादर करीन. यात ‘इट’ सोडायचे नाही. ‘इफ यू विल डीम’ करायचे नाही. आणि ‘डीम अॅज नेसेसरी’ असा ‘अॅज’ मध्ये घालायचा नाही. ‘कन्सिडर’ आणि ‘रिगार्ड’ यांच्या सवयीने तो घुसतो. ‘डीम’ला तो नको, फार तर ‘टू बी’ चालते. कर्ता एकवचनी असेल, तर ‘डीम्स’ : ‘इफ द कमिटी डीम्स इट फिट’.

होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल खुलासा करताना मात्र दुसरी घडण लागते. ‘मला कळवले असते, तर मी हजर झालो असतो’ हे इंग्रजीत ‘इफ आय हॅड बीन इन्फॉर्म्ड, आय वुड हॅव रिपोर्टेड’ असे होते. आपले ‘असते… असतो’ आणि त्यांचे ‘हॅड… वुड हॅव’ यांची जोडी जमवून ठेवली, की हे वाक्य कधी चुकत नाही. कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तरात ते फार उपयोगी पडते.

घरातल्या विद्यार्थ्यांसाठी तीन वाक्ये देतो. उत्तर वाचण्यापूर्वी मोठ्यांनाही विचारून पाहावे.

‘अनलेस यू सबमिट युवर एक्स्प्लनेशन बाय मंडे, इट शॅल बी डीम्ड दॅट यू हॅव नथिंग टू से.’ रविवारी खुलासा दिला, तर काय मानले जाईल? दुसरे, ‘शुड द कमिटी डीम इट नेसेसरी, द कँडिडेट शॅल बी कॉल्ड अगेन.’ कमिटी एकवचनी असून ‘डीम्स’ का नाही? तिसरे, ‘इफ द फॉर्म विल नॉट बी साइन्ड, इट विल डीम्ड रिजेक्टेड.’ यात चुका किती?

पहिल्याचे उत्तर, काहीच मानले जाणार नाही. अट मोडली, म्हणजे तुमचे म्हणणे विचारात घ्यावे लागेल. दुसऱ्यात ‘शुड’ पुढे आल्यामुळे क्रियापद मूळ रूपात राहते. तिसऱ्यात चुका दोन. बरोबर वाक्य : ‘इफ द फॉर्म इज नॉट साइन्ड, इट विल बी डीम्ड रिजेक्टेड.’